मला एक जाळी, दाजींना दोन

बदलापूरहून अंबरनाथकडं येताना रस्त्याच्या कडेनं पाण्याची मोठी लाइन जाते. बारवी धरणाचं पाणी. त्या लाइनीवर मी आणि माझे दाजी, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, अशी आम्ही जोडीनं नोकरी केली. धरणाच्या वरच्या अंगाला आमचा पाडा. शाळा चौथीपर्यंत, तीही पावसाळ्यात बंद. पण लाइनीवरचा कुठला व्हॉल्व्ह किती आटे घेतो ते मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन, आजसुद्धा.

मोठ्या व्हॉल्व्हची चावी एका माणसाला फिरत नाही. खड्ड्यात उभी दांडी, तिला वर आडवी दांडी. एका टोकाला एक माणूस, दुसऱ्या टोकाला दुसरा, आणि छाती लावून गोल फिरायचं. दोघांची तोंडं उलट्या दिशेला असतात. एकमेकांचं तोंड दिसत नाही, श्वास तेवढा ऐकू येतो. ऐंशी सालापासून पुढं आमचे सगळे दिवस असे गेले. दाजींचा श्वास मला त्यांच्या चेहऱ्यापेक्षा जास्त ओळखीचा होता. तो बिघडला ते म्हणून पहिल्यांदा मलाच कळलं.

ती नव्वदीची शेवटची वर्षं. उल्हासनगरात कॅम्प एकच्या बाजूला जाणारा फाटा बंद करायचा होता. चावी अर्धी फिरली नि दाजींचा श्वास मधेच अडकला, नळात हवा अडकते तसा. मी थांबलो.

"काय झालं?"

"काय नाय. फिरवा तुम्ही."

"मी एकटा काय फिरवू? बसा खाली."

"मेव्हण्यांनी बस म्हणायचं नि आम्ही बसायचं, असं कवापासून झालं?" असं म्हणाले आणि बसले. तोंडावर घाम, हात गार.

पाणी खात्याच्या चिठ्ठीवर मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. सोबत मी. जिना चढताना मीच दोनदा कठडा धरून उभा राहिलो. तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, त्यांनी ते बघितलं आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही पेशंट का ते पेशंट?" मी म्हणालो, मला काय धाड भरलीये. त्यांनी माझीही ईसीजीची पट्टी काढली आणि मला घरी सोडलंच नाही. दोघांनाही टेबलावर घेऊन मांडीतून तार घातली, शाई सोडली आणि पडद्यावर हृदयाच्या नळ्या बघितल्या. पोचवायला गेलेला माणूस शेजारच्या खाटेवर. दाजी इतके हसले की नर्स ओरडली.

डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना एकदमच समजावलं. कागदावर झाडाची फांदी काढावी तसं काढलं. हृदयाला रक्त देणारी नळी खाली येते, तिला फांदी फुटते. आमच्या दोघांचाही अडथळा त्या बेचक्यात. सरळ नळीतला अडथळा सोपा असतो म्हणाल्या, फुगा फुगवायचा, तारेची जाळी बसवायची, झालं. बेचक्यातला अवघड. मोठी नळी उघडायला जावं तर फांदीचं तोंड मिटतं.

"दोघांचा सारखाच आजार हाय मग," मी म्हणालो.

"सारखा नाही. तुमची फांदी बारीक आहे आणि नुसतं तोंड आवळलंय. तुम्हाला मोठ्या नळीत एकच जाळी घालू, फांदीच्या तोंडावरून आडवी. जाळीच्या भोकांतून फांदीला रक्त मिळेल. तोंड मिटायला लागलं तर भोकातून फुगा घालून उघडू. यांची फांदी मोठी आहे आणि आत लांबवर खराब झालीये. ती तशीच ठेवली तर हृदयाचा तेवढा भाग उपाशी राहील. यांना दोन जाळ्या, एक फांदीत, एक मोठ्या नळीत."

"मलाबी दोन घाला मग. कामात कसर नको."

"काका, दोन घातल्या म्हणजे काम जास्त चांगलं असं नसतं. जोडाच्या जागी दोन्ही जाळ्यांची तार एकत्र येते. तिथं रक्त गोठायची भीती जास्त, नळी आतून पुन्हा भरायची भीतीही जास्त. गरज नसेल तर दुसरी घालू नये. गरज असेल तर टाळू नये."

शेजारच्या खाटेवरून दाजी म्हणाले, "बाई, आमच्या मेव्हण्यांचं मनावर घेऊ नका. घरात माशाचे तुकडे वाढले तरी हे दुसऱ्याचं ताट बघत्यात."

त्याच आठवड्यात दोघांचं झालं. खर्च खात्यानं केला. परत येताना गाडीत दाजींची मिजास काय सांगावी. "मला दोन. सरकारनं माणूस बघूनच माल दिला असंल ना?" मी म्हणालो, ज्याची लाइन जास्त कुजकी त्याला जास्त ठिगळं. बहीण समोर बसली होती, तोंडाला पदर लावून हसत होती. तिला तसं हसताना मी नंतर फार वर्षं बघितलं नाही.

गोळ्या दोघांना सारख्याच. एक जन्मभराची. दुसरी रक्त गोठू नये म्हणून, ती ठरावीक दिवस, पण एकही दिवस चुकवायची नाही, मधूनमधून रक्त तपासायचं. ही दुसरी गोळी तेव्हा आमच्याकडं मिळायची नाही. उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये एक सिंधी दुकानदार मागवून द्यायचा. गोळ्यांचा पत्ता हातात देताना दर वेळी बजावायचा, "साईं, ये गोली छोड़ना नहीं. पेट खराब होगा तो भी नहीं." मला ती गोळी सोसली. तोंड कडू व्हायचं, एवढंच.

दाजी पुन्हा लवकर उभे राहिले. माझ्याआधी. सकाळी अंबरनाथच्या शिवमंदिरापर्यंत चालत जायचे आणि येऊन मला निरोप धाडायचे की मेव्हण्यांना विचारा, एका जाळीवर उंबरा तरी ओलांडवतो का. मी जळायचो. खोटं कशाला सांगू.

आणि मग एका सकाळी, बहिणीनं चहाची कपबशी खाली ठेवायच्या आत, दाजी ओट्यावर बसले होते ते आडवे झाले. चपलेत एक पाय गेला होता, दुसरा बाहेर होता. मी पोचलो तेव्हा तो पाय तसाच होता. कुणी काढलीही नव्हती चप्पल, कुणी घातलीही नव्हती.

लोक जमले. कुणी म्हणालं, असं कसं झालं, बरा झाला होता माणूस. मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, दोन जाळ्यांनी खाल्लं. एकाच बेचक्यात दोन घुसवल्या, तिथंच रक्त गोठलं. बाईंनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं तसं होतं म्हणून. मला एक घातली, मी उभा आहे. यांना दोन घातल्या, हे पडलेत. आणखी काय पुरावा पाहिजे? माझं बोलणं सगळ्यांना पटलं. बहीण भिंतीला टेकून बसली होती. ती माझ्याकडं बघत होती.

दहाव्याला पिंड ठेवला. कावळा शिवेना. झाडावर कावळे होते, खाली उतरायचे, मान वाकडी करून बघायचे, परत जायचे. दाजींचा मोठा पुतण्या म्हणाला, पोरांना शिकवू. नाही शिवला. मी म्हणालो, दाजी, बहिणीला मी अंतर देणार नाही. एक कावळा अगदी जवळ आला, पिंडाभोवती फिरला आणि उडाला. ऊन चढलं. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला नि भटजी उठले.

घरी आलो तर बहिणीनं दारातच विचारलं, "शिवला?"

मी मान हलवली. नाही म्हणून. ती आत गेली.

त्यानंतर दाजी यायला लागले. मी भुताखेताचा माणूस नाही. धरणाच्या रानात वाढलो, रात्री-बेरात्री लाइनीवर फिरलो, कधी काही दिसलं नाही आणि दिसलं म्हणणाऱ्याला मी येडा म्हणायचो. दाजी दिसलेही नाहीत कधी. मला हलकं काम दिलं होतं, छोटे व्हॉल्व्ह, एका हातानं फिरणारे. चावी लावून फिरवायला लागलो की समोरून श्वास ऐकू यायचा. तोच, मधे अडकणारा. मी थांबलो की तोही थांबायचा. भर दुपारी, समोर रस्त्यावर टेम्पो चाललेत, बायका भाजी घेऊन चालल्यात, आणि माझ्या समोरच्या टोकाला कुणी नाही, पण चावीला जोर दुसऱ्याचा लागतोय. मी एकदा म्हणालोसुद्धा, "काय पायजे सांगा ना." जवळून जाणाऱ्या माणसानं वळून बघितलं. मी नाक शिंकरल्यासारखं केलं.

काय पाहिजे असेल याचा मी खूप विचार केला. मला वाटायचं, त्यांना हेच म्हणायचं असेल की मेव्हणे, तुम्ही वाचलात, मी नाही.

पावसाळा सरला आणि माझी छाती पुन्हा धरायला लागली. इस्पितळात गेलो. पुन्हा शाई, पुन्हा पडदा. मोठ्या नळीतली जाळी ठीक होती. फांदीचं तोंड मिटत आलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भोकातून फुगा घालून बघितला, तोंड उघडतं आणि परत बसतं. आता फांदीतही एक जाळी घालावी लागेल.

"म्हणजे दोन."

"हो. आता गरज आहे."

"मला नको."

"काका, नाही घातली तर काय होईल ते मी तुम्हाला सांगितलंय."

"घातली तर काय होतं ते मी बघितलंय."

त्या बाईंनी रागावायला हवं होतं. रागावल्या नाहीत. दाजी गेल्याचं इस्पितळात कळवलं होतं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, कशाला कळवायचं, मेलेल्याची जाळी काढून देणार होता का? आणि घरी निघून आलो. बायको रडली, पोरगा ओरडला. मी खुंट्यासारखा बसून राहिलो. चार पावलं टाकली की छातीवर दगड, पण जायचं नाव नाही. कॅम्प दोनमध्ये जन्मभराची गोळी आणायला गेलो तर दुकानदार हळूच म्हणाला, "साईं, एक बात पूछूं? आपके जीजाजी दूसरा पत्ता लेने आए ही नहीं थे. कहीं और से लेते थे क्या?" मी म्हणालो, मेलेल्या माणसाची विचारपूस कसली करतो, आपला धंदा बघ. त्यानं पत्ता कागदात गुंडाळून दिला. मी रस्त्यावर येऊन उभा राहिलो आणि मागं, अगदी खांद्याशी, श्वास अडकल्याचा आवाज आला. मी मागं बघितलं नाही.

मी जात नाही ही गोष्ट बहिणीच्या कानावर गेली. ती आली. दुपारची वेळ, मी पडवीत, ती उंबऱ्याशी बसली. माझ्या बायकोनं वाल भिजत घातले होते, ते हिनं पुढ्यात ओढले आणि सोलायला लागली. आमच्याकडं बायका हात रिकामे ठेवून बोलत नाहीत.

"दादा, तू मुंबईला जात नायस म्हनं."

"नाय जात."

"का?"

"तू इचारतेस? तूच बघितलंस दोन घालून काय झालं ते."

ती सोलत राहिली. एक एक दाणा. मग म्हणाली, "दोन जाळ्यांनी नाय मेले ते."

"बाय, तुला काय कळतं त्यातलं?"

"गोळी सोडली व्हती त्यांनी."

मी टेकलो होतो तो सरळ झालो.

"पोट बिघडायचं गोळीनं. दिवसातनं चार-चारदा. तुझ्यासारखा एका जागी बसणारा मानूस न्हवता तो. लाइनीवर जायचा, तिथं कुठं बसनार? एकदा धोतर खराब झालं. दुसऱ्या दिवसापासून बंद केली. मी म्हनले, डॉक्टरनं सांगितलंय. तर मला समजावत बसले. म्हनले, येडे, आम्ही सांध्यात शिसं ओततो तेव्हा बाहेरून मातीचा वेढा घालतो का नाय? शिसं आत थांबावं म्हनून. शिसं बसलं की वेढा फोडून टाकतो. वेढा तसाच ठेवला तर लोक म्हनत्यात हा नवशिका. गोळी म्हंजे तो वेढा. जाळ्या बसल्या. आता मला कायबी दुखत नाय, म्हंजे सांधा धरला."

मला तिचा आवाज ऐकू येत होता आणि त्यात दाजींचा. शब्द त्यांचेच होते. मी असतो तर हेच बोललो असतो. मातीचा वेढा कुणी ठेवतो का? वितळलेलं शिसं बिडाच्या पाइपाच्या तोंडात ओतायचं, ते घट्ट झालं की हातोडीनं माती उडवायची आणि छिन्नीनं शिसं ठोकून बसवायचं. दाजी त्यात उस्ताद होते. त्यांनी ओतलेले सांधे आजही जमिनीखाली कोरडे आहेत.

"मला का नाय सांगितलंस? तेव्हाच?"

"त्यांनी सांगू दिलं नाय. म्हनले कुनाला बोलायचं नाय. मेव्हण्याला तर नायच. तो हसंल."

हसलोच असतो. सगळ्या लाइनीवर सांगत फिरलो असतो, दोन जाळ्यांचा माणूस एका गोळीला भ्याला.

"आनि नंतर?" मी विचारलं. "मी सगळ्यांदेखत बोललो, तेव्हा?"

"तेव्हा काय बोलू? दोन जाळ्यांनी मेला म्हटलं की नशीब. गोळी सोडून मेला म्हटलं की येडा. पोरांनी जन्मभर ऐकायचं, तुमचा बाप येडेपनानं मेला. तू बोललास ते मला बरं वाटलं दादा. मी गप बसले." दाणे संपले होते, ती सालं चिवडत होती. "पर आता त्यांचं नाव राखायला तुला मरू देऊ का?"

"ते येडे नव्हते," मी म्हणालो.

"मला ठावं हाय."

"लोखंडाच्या कामात असंच असतं. ते बरोबरच बोलत होते."

"व्हय," ती म्हणाली. "मंग तू जातोस का नाय?"

मी गेलो. डॉक्टरीणबाईंना मी दाजींचं सांगितलं, तुसडेपणानंच सांगितलं, आणि विचारलं की सांधा धरल्यावर गोळी कशाला लागते. त्या म्हणाल्या, शिसं घडीभरात थंड होतं काका, पण शरीर जाळीवर स्वतःचं कातडं धरतं. त्याला आठवडे लागतात. तोवर रक्ताला तार उघडी दिसते आणि रक्त तिला परकी समजून तिच्यावर गोठतं. बाहेर काही दुखत नाही. जोडाच्या जागी दोन जाळ्यांची तार, म्हणून तिथं जास्त जपायचं.

"त्यांना एकच घातली असती तर?"

"गोळी सोडून एक असती तरी धोका होताच. थोडा कमी. त्यांच्या फांदीला एकीनं भागलं नसतं. याहून जास्त मी सांगू शकत नाही, आणि सांगितलं तर ते खोटं असेल."

टेबलावर मी जागाच होतो. मान वळवली की पडदा दिसायचा. शाई सोडली की काळं झाड उभं राहायचं नि विरून जायचं. एका बाजूला फांदीच नव्हती, नुसता खुंट. मग त्यांनी काय काय केलं, फुगा, दाब, छातीत कळ, आणि पुढच्या वेळी शाई सोडली तेव्हा ती बेचक्यापाशी आली आणि दोन्हीकडं गेली. मला दाजींची फांदी आठवली. तीही अशीच उघडली असणार. त्यांनीही ती अशीच मान वळवून बघितली असणार.

या खेपेला गोळीनं माझं पोट धरलं. अंग खचलं होतं, का औषध तेच पण मी तो नव्हतो, कोण जाणे. दिवसभर कळा. लाइनीवर जाणं सोडलं, कारण जाववत नव्हतं. गोळी तळहातावर घ्यायचो आणि ती नुसती बघत बसायचो. एवढीशी पांढरी चकती. छाती मोकळी होती, कुठं दुखत नव्हतं. एक दिवस नाही घेतली तर काय, असं कुणीतरी म्हणायचं, आणि मला खात्रीनं सांगता येत नव्हतं की ते मीच म्हणतोय. श्वास जवळच असायचा. तो आता अडकत नव्हता. वाट बघत असल्यासारखा चालायचा. दाजींना मी गोळी घ्यावी असं वाटत होतं की घेऊ नये, ते मला आजतागायत कळलेलं नाही. दोन्ही वाटत असेल. मेव्हणा वाचावा असंही, आणि मेव्हण्यानंही सोडून बघावी, म्हणजे आपण एकटेच येडे ठरणार नाही, असंही. तेवढा हक्क त्यांचा होता.

बहीण रोज यायची. अंबरनाथहून, सकाळची, हातात तांदळाच्या पेजेचा डबा, पोटाला बरी म्हणून. माझी बायको म्हणायची, अहो वन्सं, मी आहे ना घरात, मी देईन गोळी. बहीण ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची.

एका सकाळी माझं डोकं फिरलं होतं. रात्रभर पोट मुरडलं होतं. गोळी मी गालात दाबली, वर पाणी प्यालो, आणि लोटा खाली ठेवला. ती समोर उभी होती.

"गिळलीस?"

मी मान हलवली.

"तोंड उघड."

"काय पोरखेळ लावलाय? घरात सून हाय."

"दादा, तोंड उघड."

सून दारात होती. बायको चुलीपाशी वळून बघत होती. मी खात्यात साहेबासमोर कधी मान खाली घातली नाही, आणि ही माझ्या पाठची. तिच्या मागं अंगणात ऊन पडलं होतं, तिथं कुणी उभं नव्हतं, पण श्वास थांबला होता.

मी पुन्हा पाणी घेतलं. गिळलं. मग तोंड उघडलं, जीभ बाहेर काढली, आणि तिनं वाकून नीट बघेपर्यंत तशीच धरून ठेवली.